इलेनियाच्या लग्नाची जागा

३ मार्च, सोमवार

सकाळी उठल्यावर पहिलं काम केलं ते हे — फिरेन्झेहून आलेलं ते गुळगुळीत पुस्तक शेगडीत घातलं. पेटेना! जाड कागद, वर चकाकी. एकेक पान फाडून घालावं लागलं. तळ्याकाठचा बंगला गेला, सायप्रसच्या झाडांची रांग गेली, द्राक्षांच्या मळ्यात अनवाणी नाचणारी नवरी गेली. मुखपृष्ठावर लिहिलं होतं — 'अस्सल इटलीत तुमचं लहानसं लग्न.' ते शेवटी घातलं.

ग्रात्सिएल्ला कॉफी ठेवत होती. मागे न बघता म्हणाली, "झालं समाधान? त्या बाईकडे दुसरी प्रत असेल."

बायको आहे का साक्षीदार!

इलेनिया सप्टेंबरात लग्न करतेय. आमची एकुलती एक. आयर्लंडमध्ये कॉर्कला नर्स आहे. मुलगा तिथलाच, डोनल — सुतारकाम करतो, मान खाली घालून जेवतो, मला आवडतो. पाहुणे मोजके, बहुतेक तिकडचे. त्याच्या आईने आहेर म्हणून फिरेन्झेची एक बाई लावून दिलीय, कोस्तान्त्सा. परदेशी लोकांची लग्नं इटलीत लावून देणं हा तिचा धंदा. तिने जागा दाखवायच्या आणि मी बघून यायचं. "बाबा, तुझ्या नजरेवर माझा भरवसा आहे," म्हणते. आणि वर, "आम्हाला इटलीत लग्न करायचंय." जशी काही ही नॉर्वेची! अगं, तुझा बाप्तिस्मा इथे झाला, रोक्कासेल्वात, सान साविनोच्या चर्चात. आणि आता इटली तुला पुस्तकातून निवडायची?

सान साविनोचं छत खाली बसलंय, भिंती टेकूवर आहेत, भोवती लाल फीत आहे, हे मला माहीत आहे. आठ वर्षांपूर्वी, भूकंपाच्या दिवशी मीच होतो तिथे, धुळीत.

५ मार्च, राखेचा बुधवार

डब्यात जाऊन कपाळाला राख लावून घेतली. ईस्टरपर्यंतचा उपासकाळ सुरू. भूकंपानंतर सरकारने राहायला लाकडी घरं दिली आणि प्रार्थनेला पत्र्याच्या छताची एक लांबट खोली. सगळे तिला डबाच म्हणतात. पाऊस आला की फादरांचं प्रवचन ऐकू येत नाही. फादर फुल्जांस काँगोचे. म्हणतात, "आमच्या गावी मिस्सा आंब्याच्या झाडाखाली व्हायची. त्या मानाने हा राजवाडा." त्यांचं ठीक आहे. त्यांचं काही पडलेलं नाही इथे.

वेदीच्या डाव्या हाताला एक लाकडी पाट आहे. रिकामा. मुद्दाम रिकामा. तो आमच्या मादोन्नाचा, मारियामातेचा. अक्रोडाच्या लाकडाची, मांडीवर बाळ. अग्निशामकवाल्यांनी तिला ढिगाऱ्यातून काढलं आणि समुद्रकाठच्या शहरात नेलं, बिशपांच्या भांडारात. दरवर्षी तिथून विचारणा होते — पाठवायची का? उत्तर सान साविनोच्या बंधुमंडळाने द्यायचं, प्रमुखाच्या सहीने. प्रमुख मी. दरवर्षी उत्तर एकच — नाही. ठरावही माझाच. तंबूत, बर्फात, क्रूसावर हात ठेवून आम्ही पुरुषांनी केलेला. मादोन्ना परत येईल ती तिच्या घरी. डब्यात नाही! एकदा ती डब्यात बसली की सरकार म्हणणार, झालं की यांचं चर्च. मग सान साविनोचा एक दगड कोणी हलवणार नाही.

मिस्सानंतर नाझारेनो खाटकाने गाठलं. मंडळात माझ्यानंतर तोच. "काय प्रमुख, पोरीचं कुठे ठरतंय? डब्यात नको हं! उद्या वर्तमानपत्रात फोटो येईल, रोक्कासेल्वा सुखात आहे, लग्नंसुद्धा लागतात."

म्हटलं, माझी मुलगी डब्यात उभी राहणार नाही. निश्चिंत राहा.

तिने विचारलंही नव्हतं. तिने विचारायच्या आधीच मी नाही म्हणून बसलोय.

९ मार्च

वरच्या घाटात दरड आली. दिवसभर दगड बाजूला केले. जिल्ह्याच्या रस्त्यावर नोकरी आहे म्हणून देवाचे आभार. दगड उलटून बोलत नाहीत.

१५ मार्च, शनिवार

पहिली जागा बघितली. 

सिएनाच्या वाटेवरचा बंगला. फाटक आपोआप उघडतं. कोस्तान्त्सा चांगली बाई असावी. पातळ बूट घालून चिखलातून माझ्यासाठी धावत आली. "एल्वियोजी, खास तुमच्यासाठी ठेवलंय! बंगल्याचं स्वतःचं प्रार्थनाघर आहे. तुम्ही श्रद्धाळू आहात असं इलेनिया म्हणाली."

आत गेलो. सवयीने दाराशी हात पवित्र पाण्याकडे गेला. कुंडात बाटल्यांची बुचं!

ते प्रार्थनाघर आता प्रार्थनेचं राहिलेलं नाही. बिशपांनी पवित्रपण काढून घेतलं की ती नुसती खोली. ठीक. पण वेदी तशीच आहे. संगमरवरी. तिच्यावर पेल्यांची रांग, आणि जिथे संताच्या अस्थी ठेवतात त्या चौकोनी खोबणीत बर्फाची बादली. मी बघत राहिलो. तिथला पोशाखी माणूस म्हणाला, "अगदी मापात बसते. जणू त्यासाठीच केलीय."

मी त्याला काय बोललो ते इथे लिहीत नाही. उपासकाळ आहे.

कोस्तान्त्सा गाडीपर्यंत मागे आली. "तुम्हाला नको तर आपण ती बादली झाकू! वर फुलं ठेवू!"

झाकू!

१६ मार्च, रविवार

कबुली दिली. रागाचं पाप सांगितलं.  फादर फुल्जांस म्हणाले, "एल्वियो, दरवेळी तुम्ही राग सांगता. सरकारवर, इंजिनियरांवर, आता बंगलेवाल्यांवर. कधीतरी नीट बघून या, तो नक्की कोणाच्या अंगणात राहतो."

प्रायश्चित्त म्हणून जपमाळ दिली. म्हटली. पण ते वाक्य मला आवडलं नाही.

२९ मार्च, शनिवार

दुसरी जागा. या वेळी ग्रात्सिएल्लाही आली. "एकट्याला पाठवलं तर तुरुंगात भेटायला यावं लागेल."

डोंगरावरचं अख्खं गाव. कुणा कंपनीने विकत घेतलं, दुरुस्त केलं, आता लग्नांना भाड्याने देतात. दगड न् दगड जागेवर. दारांना निळा रंग, खिडक्यांत लाल जिरेनियम. गल्लीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी, दोरीवर पांढऱ्या चादरी, दोन लहान मुलांचे सदरे. मला क्षणभर बरं वाटलं. म्हटलं, चला, कोणीतरी राहतंय.

"इथे कोण राहतं?"

"कोणीच नाही!" कोस्तान्त्सा आनंदाने म्हणाली. "तीच तर गंमत. पूर्ण गाव तुमचं."

"मग हे कपडे कोणाचे?"

"फोटोंसाठी आहेत. दर आठवड्याला बदलतो, पांढरे राहिले पाहिजेत ना."

तरीही त्या लहान सदऱ्याला हात लावून बघितला. कोरडा, कडक, इस्त्री केलेला. कोणत्याच पोराने तो घातलेला नव्हता. आमच्या गावात माणसं आहेत आणि घरं नाहीत. इथे घरं आहेत, माणसं नाहीत, आणि सदरे भाड्याने वाळत घातलेत! आमच्याकडे एक भिंत उभी करायची तर अठरा परवानग्या लागतात. इथे गाववाले गेल्यावर बरोबर सगळं उभं राहिलं.

मोठ्याने बोललो असेन. गल्ली घुमली.

ग्रात्सिएल्लाने हाताला धरून बाहेर नेलं.  घाट चढताना एवढंच म्हणाली, "आठ वर्षं झाली एल्वियो, तू याच आवाजात बोलतोयस. मला तुझा दुसरा आवाज आठवत नाही."

३० मार्च

इलेनियाचा फोन.

"बाबा, कोस्तान्त्सा रडली म्हणे."

"तिने चादरी धुवाव्यात, रडू नये."

"मग तू सांग कुठे करायचं! तळं नको, बंगला नको, गाव नको. डबा तर नकोच, ते तू मला जानेवारीतच सांगून टाकलंस. डोनलच्या आईला फक्त सावली हवीय, ती उन्हात टोमॅटोसारखी होते. तिची एवढीच अट आहे. सगळ्या अटी तुझ्या आहेत!"

"तुझी काय अट आहे?"

 

"माझी फुलं कुठे ठेवू, बाबा?"

आमच्याकडे मिस्सा संपली की नवरी हातातली फुलं मादोन्नाच्या पायाशी ठेवते आणि रिकाम्या हातांनी बाहेर पडते. माझ्या आईने ठेवली. ग्रात्सिएल्लाने ठेवली — मी शेजारी उभा होतो. भूकंपानंतर पोरं बाहेरगावी लग्न करून पाहुण्यासारखी येऊन जातात, पण फुलं कोणी दुसरीकडे ठेवली असं मी ऐकलेलं नाही.

"बंगला असो की गोठा," ती म्हणाली, "मला ती असेल तिथे लग्न करायचंय. तेवढी एक जागा शोध."

मी म्हटलं, सान साविनो बांधू दे सरकारला.

"म्हणजे मी पन्नाशीची झाल्यावर," म्हणाली, आणि फोन ठेवला.

२० एप्रिल, ईस्टर

प्रभू उठला. मी रागातच जेवलो. कोकरू चांगलं शिजलं होतं, ते सांगायचंही राहिलं.

ग्रात्सिएल्लाच्या आईची खुर्ची अजून भिंतीला लावून ठेवलीय. दोन वर्षं झाली म्हातारीला जाऊन. शेवटच्या दिवसांत सारखी म्हणायची, मला एकदा तिच्यासमोर न्या. आम्ही मादोन्नाच्या फोटोची झेरॉक्स उशाशी लावली होती. काळी-पांढरी. म्हातारी तिलाच बोटं लावून ओठांना लावायची.

आज का आठवलं? ग्रात्सिएल्ला त्या खुर्चीवर बसून मटार सोलत होती, म्हणून.

६ मे

ग्रात्सिएल्ला बहिणीकडे गेलीय. दर मेमध्ये एक दिवस जाते. बडीशेपेचा गोल केक करून घेऊन गेली. घर शांत. कोस्तान्त्साने तिसरं पुस्तक पाठवलंय. उघडलं नाही.

१७ मे, शनिवार

इलेनिया चार दिवसांसाठी आलीय. काल जेवताना म्हणाली, "उद्या मला भांडारात घेऊन चल. तिला बघायचंय." मी म्हटलं, तिथे काय बघायचं, गोदाम आहे ते. म्हणाली, "तू गेलायस?"

गेलो नव्हतो. एकदाही नाही. का जावं? ती तिथली नाही. तिला तिथे बघणं म्हणजे ती तिथे राहते हे मान्य करणं.

आज गेलो.

मोठी शेड. थंड, औषधाचा वास. लोखंडी मांडण्यांवर संतच संत. कोणाला हात नाही, कोणाला डोकं नाही, कोणी पांढऱ्या कागदात गुंडाळलेला. साठ-सत्तर गावांचे देव, रेल्वे चुकल्यासारखे. प्रत्येकाच्या मनगटाला दोरा, दोऱ्याला चिठ्ठी. भांडार सांभाळणारी बाई पुढे, आम्ही मागे. मी मांडण्या बघत चाललो होतो. बाई थांबली. इलेनिया थांबली. मी पुढे गेलो.

"बाबा."

मागे वळलो. त्या दोघी एका मूर्तीसमोर उभ्या होत्या. गोरीपान. गाल गुलाबी. डोळे तपकिरी, उघडे, सरळ माझ्याकडे. झग्यावर निळ्या रंगात बारीक सोनेरी फुलं.

म्हटलं, ही नाही. आमची काळी आहे.

"हीच," बाई म्हणाली. "मेणबत्त्यांची काजळी होती हो. आम्ही साफ केली, त्याला सहा वर्षं झाली."

बाळाचा उजवा पाय बघितला. बोटं झिजून गुळगुळीत झालेली. आमच्या सगळ्यांच्या हातांनी झिजलेली. तीच.

मी ओळखलं नाही. तिच्या नावाने मी मंत्र्यांच्या गाड्या अडवल्या, रोममध्ये फलक घेऊन उभा राहिलो, आणि ती समोर बसलेली असताना मी पुढे चालत गेलो.

इलेनिया पाय धरून उभी होती. रडत नव्हती. काहीतरी सांगत होती तिला, हळू आवाजात.

बाईने मला खुर्ची आणून दिली. "रोक्कासेल्वाचे ना तुम्ही? म्हणजे त्या बाईंचे कोणी? दर मेमध्ये येतात. हीच खुर्ची मागतात, तासभर बसतात, मग आम्हाला केक देऊन जातात. बडीशेपेचा. फार छान करतात हो!"

मी इलेनियाकडे बघितलं. ती स्वतःच्या बुटांकडे बघत होती.

"तुला माहीत होतं?"

"बाबा, तू सोडून सगळ्यांना माहीत आहे."

१८ मे, रविवार

भांडण. मोठं. लाकडी भिंती, आजूबाजूच्या चार घरांनी ऐकलं असणार. ऐकू दे.

मी ग्रात्सिएल्लाला म्हटलं, माझ्यापासून लपवलंस! ठराव मोडलास!

ती म्हणाली, "ठराव तुम्ही पुरुषांनी केलात. मला कोणी विचारलं? आईला कोणी विचारलं? तुम्ही तंबूत क्रूसावर हात ठेवलेत तेव्हा आम्ही बाहेर बटाटे सोलत होतो."

"ते सरकारला कळावं म्हणून —"

"सरकारला?" हसली. तसं हसणं मी ऐकलं नव्हतं. "अरे, ओलीस ठेवायचं तर ज्याला पैसे द्यायचे त्याचं माणूस ठेवतात. तू आपलंच माणूस ओलीस ठेवलंस! सरकारला तिचं काय? ती आली काय, न आली काय, त्यांना पत्ता तरी आहे का? माझी आई झेरॉक्सचे मुके घेत मेली, एल्वियो."

उत्तर होतं माझ्याकडे. तोंडापर्यंत आलं होतं. आठ वर्षं तेच देतोय, पाठ आहे.

बाहेर जाऊन लाकडं फोडली. मे महिन्यात कोणाला लागतात लाकडं!

२३ मे, शुक्रवार

मंडळाची बैठक बोलावली. डब्यातच, वेदीसमोर बाकं वळवून. मी उभा राहिलो आणि म्हटलं, तिला आणू या. सान साविनोसाठी भांडत राहू, पण तिला आणू या.

नाझारेनो उठला. ओरडला असता तर बरं झालं असतं. हळू बोलला.

"माझा नातू झाला तेव्हा मी तुझ्याकडे आलो होतो. आठवतं? म्हटलं, बाप्तिस्म्यापुरती एक दिवस आणू. तू म्हणालास, नाझारेनो, आज तू वाकलास तर उद्या सगळे वाकतील. मी वाकलो नाही. पोराच्या आईने वर्षभर माझ्याशी बोलणं टाकलं. आणि आता तुझी पोरगी आली, तर प्रमुखांच्या गुडघ्यांना तेल मिळालं!"

कोणी हसलं नाही.

"ठराव चुकीचा असेल," तो म्हणाला. "पण आता तो फक्त तुझा नाही. आमचंही त्यात गेलंय."

हात वर झाले. माझ्या बाजूने मी आणि म्हातारा सेत्तिमियो, आणि सेत्तिमियोला ऐकू येत नाही.

राग येत होता. नाझारेनोवर यावा म्हणून घरी येईपर्यंत प्रयत्न केला. आला नाही.

२५ मे

फादर फुल्जांसना विचारलं, मंडळाचा निर्णय मोडून प्रमुखाने सही केली तर पाप का?

ते डब्याचं गळकं छत बघत होते. म्हणाले, "पापाचं मी बघेन. पण मित्र जातील, त्याला माझ्याकडे माफी नाही."

१ जून, रविवार

कोस्तान्त्साला मीच फोन केला. ओरडल्याबद्दल माफी मागितली. ती घाबरूनच बोलत होती. मग म्हणाली, "एल्वियोजी, खरं सांगू? त्या गावातले कपडे मलाही आवडत नाहीत." विचारलं तिला, तुझं गाव कोणतं? कालाब्रियातलं काहीतरी नाव सांगितलं. म्हणाली, आता तिथे तिची एक आत्याच राहते.

३ जून

झोप नाही. देवा, माझ्या हट्टाला मी इतकी वर्षं तुझं नाव दिलं का? की तो खरंच तुझा होता आणि मी आता बापाच्या मायेने सोडतोय? दोन्हीकडून सारखंच दिसतं. तू बोलत नाहीस. ती मात्र सरळ बघत होती.

७ जून, शनिवार

पहाटे नाझारेनोच्या दारावर प्रमुखाची निळी खांदेशाल टांगून आलो. दार उघडं होतं. आत तो मांस कापत होता. माझ्याकडे बघितलं, सुरी थांबली नाही. म्हणाला, "सही केलीस?" म्हटलं, हो, कालच. प्रमुख म्हणून शेवटची. "मग आता माझ्या दुकानात येऊ नकोस."

लहानपणापासूनचा मित्र.

भांडाराच्या बाईने तिला तीन घोंगड्यांत बांधून दिली. ग्रात्सिएल्ला मागच्या सीटवर तिला धरून बसली. सगळा घाट मी पंचवीसच्या वेगाने आलो.

डब्याच्या दाराशी बायका उभ्या होत्या. कोणी सांगितलं कोण जाणे. पुरुष एकही नाही. मी खांद्याकडून उचलली, त्यांनी पायाकडून, आणि आत नेऊन पाटावर बसवली. कोणी ओळखायला क्षणभरही थांबलं नाही.

इलेनियाला कळवलं — जागा ठरली.